इभूतीच्या डब्यातले चौदा तुकडे

तुकडे म्या चोरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको की महानंदानं गोष्ट लपवून ठेवली. चार वर्षांत चौदा तुकडे, आन् तेबी स्वतःच्या नवऱ्याचे. नवरा जगावा म्हणून चोरले. पण त्याच चोरीपायी तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत खचत चालला होता, आन् मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

आमचे हे म्हणजे शंभुलिंग मास्तर. अणदूरच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. अर्ध्या गावाला कुंडी, कंदील आन् जास्वंदीचं फूल काढायला ह्यांनीच शिकवलं. पण मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं ह्यांनी बघितली ती पुस्तकात, टपालाच्या तिकिटाएवढी. जन्मात एकदा मुंबईला संग्रहालय बघायला गेले, तर नेमका सोमवार निघाला. दाराचं कुलूप बघून माघारी आले आन् वर्षभर तेच सांगत बसले. म्या म्हणलं, आवो, वार बघून निघायला काय पंचांग लागतं व्हय?

रिटायर झाले त्या साली चष्मा आणायला सोलापूरला गेले, आन् चष्म्याऐवजी एक लाकडी खोकं घेऊन आले. तिथं शरणबसप्पा म्हणून जुन्या वस्तूंचा दुकानदार हाय. बंद पडलेली घड्याळं, पितळी दिवे, साहेबांच्या बंगल्यातनं निघालेलं सामान, असलं विकतो. खोक्यात काय, तर पातळ फळीचे चारशे बारीक बारीक तुकडे. मला वाटलं, कायतरी फुटकं गळ्यात मारलं. मास्तर म्हणले, फुटकं न्हाय, जिगसॉ हाय. जुन्या काळच्या एखाद्या नावाजलेल्या चित्राचा छाप फळीवर डकवायचा, आन् मग बारीक करवतीनं हातानं कापून त्याचे तुकडे करायचे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा माल. खोक्यावर चित्र नसतंय. आत काय हाय ते जुळवल्याबिगर कळायचं न्हाय. आताचे पुठ्ठ्याचे तुकडे एकमेकांत अडकून बसतात. हे जुने नुसते शेजारी शेजारी टेकतात. कुणाचा कोपर लागला की आठवडाभराचं आभाळ जमिनीवर.

झालं. तवापासनं माझ्या घरात ताट उरलं न्हाय. एका ताटात आभाळाचे तुकडे, एकात पाण्याचे, परातीत झाडं, आन् पुरणाच्या चाळणीत म्हणे माणसांची तोंडं. पाव्हणं आलं की मी विचारायचे, आभाळ कशात काढून ठेवू, मला भात वाढायचाय. मास्तर हसायचे. चिडायची मी, पण खरं सांगते, त्या फळीपुढं बसला की माणूस दहा वर्षांनी लहान दिसायचा. मधीच एखादा तुकडा बदकाच्या आकाराचा निघायचा, एखादा छत्रीच्या. कापणाऱ्यानं गंमत म्हणून तसा कापलेला. तसा निघाला की मला दाखवायला चुलीपातूर यायचे, आन् म्या पिठाच्या हातानं शिवला की ओरडायचे.

पहिलं चित्र लागायला दोन महिने गेले. मार्गशीर्षाचे दिवस, गावचा देव दरवर्षीच्या रीतीनं नळदुर्गच्या देवळात मुक्कामाला गेलेला. मी बचत गटाच्या बैठकीला निघाले होते, एक पाय चपलेत. आतनं हाक आली, "महानंदा, ये बघ, पुरं झालं." कुरकुरतच आत गेले. नदी, नदीकाठी गाई, पलीकडं पवनचक्की. आपल्या डोंगरावर असतात तसली न्हाय, लाकडाची. गाईंच्या पाठीवर उतरतं ऊन. मास्तर टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता थांबले, छातीवर हात गेला, तोंड घामानं डबडबलं, आन् त्या फळीशेजारीच आडवे झाले. शेजाऱ्याच्या जीपनं सोलापूर गाठलं. डॉक्टर म्हणले, अर्धा तास उशीर झाला असता तर काय हाती लागलं नसतं.

आता तुमीच सांगा, म्या काय समजायचं? आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, आमाला शिकवलं, पिठाचा डबा तळापातूर खरवडायचा न्हाय, मूठभर ठेवायचं. कणगीतली ज्वारी पार उपसायची न्हाय. मीठ संपलं म्हणायचं न्हाय, वाढलं म्हणायचं. लेकराला न्हाऊमाखू घालून नटवलं की गालाला काजळाची तीट लावायची, म्हणजे कुठंतरी उणं राहतं आन् दिष्ट लागत न्हाय. आन् हे बाबा टाळ्या वाजवून सांगतात, पुरं झालं! दवाखान्यातनं घरी आणल्यावर म्या हे बोलून दाखवलं. तर एवढे हसले, एवढे हसले, की पुन्हा छातीत कळ येती का काय म्हणून मलाच भ्या वाटलं. म्हणले, आता दुसरं पुरं करतो, मग बघू कोण खरं. तवाच म्या ठरवलं, ह्या माणसाला सांगण्यात अर्थ न्हाय.

दुसरं चित्र शेवटाला आलं. मास्तर आंघोळीला गेले होते. म्या एक तुकडा उचलला आन् देव्हाऱ्यातल्या माझ्या इभूतीच्या डब्यात टाकला, कपाळाला लावायची राख असती त्यात. मास्तरांची इभूती वेगळी, माझी वेगळी. माझ्या डब्याला ते हात लावत न्हाईत. डब्याचं झाकण लावलं तवा जिवाला गार वाटलं. चित्राला तीट लागली, आता माझा माणूस सुखरूप हाय. चोरी केली असं एकदाबी मनात आलं न्हाय.

मास्तरांनी शरणबसप्पाला फोन केला, एक तुकडा कमी हाय. तो म्हणला, जुना माल हाय मास्तर, असतंय कवाकवा. तिसऱ्यातबी एक कमी निघाला. चौथ्यातबी. पाचव्याला मास्तर भडकले. ते अपुरं चित्र तसंच खोक्यात भरून सोलापूरला गेले, त्याच्या दुकानात आपटलं आन् चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणून आले. शरणबसप्पा गळ्यात बांधलेल्या शिवलिंगाला हात लावून शपथ घेत होता म्हणे. घरी येऊन मास्तर हे सांगत होते आन् मी भाकरी थापत होते. भाकरी परातीतच मोडली. तरी बोलले न्हाय.

मग खोकी हैदराबादेहून, पुण्याहून पार्सलनं यायला लागली. मास्तर काय साधे न्हाईत. त्यांनी रीत बदलली. पार्सल आलं की माझ्यासमोर फोडायचं, पन्नास-पन्नासाचे ढीग लावून मोजायचं, खोक्यावर आकडा घालायचा, चारशे बारा, पुरे, आन् खाली सही करायची. साक्षीदार म्हणून माझीबी सही. म्या केली. काय करणार? आन् दोन-तीन महिन्यांनी चित्र शेवटाला आलं की निघायचे चारशे अकरा.

म्हणजे तुकडा घरातच जात होता. मास्तरांनी घर उपसलं. गाद्या उसवल्या, कपाटं सरकवली, केराची बादली चाळणीनं चाळली. मला वाटलं, आता माझ्यावर येणार. काय बोलायचं, कसं उलटून पडायचं, सगळं म्या जुळवून ठेवलं होतं. पण संशय आलाच न्हाय. लातूरला दिलेली आमची लेक उमादेवी एकदा फोनवर थट्टेनं म्हणली, बाबा, आईच तर उचलत नसंल? तर मास्तर म्हणले, "तुझ्या आईनं उचलला असता तर आधी मला शिव्या दिल्या असत्या, मग उचलला असता." बापलेक हसले. मी तिथनं उठून गोठ्याकडं गेले, काम नसताना.

दुसरं कुणी सापडंना, तवा मास्तरांनी स्वतःलाच धरलं. म्हणायला लागले, मीच कुठंतरी ठेवतोय आन् इसरतोय. मग घरभर चिठ्ठ्या लागल्या. गॅसपाशी चिठ्ठी, नळापाशी चिठ्ठी, दाराला चिठ्ठी: कुलूप लावले का. दोन चाकांची गाडी चालवायची सोडली. म्हणले, रस्ता इसरलो तर? शाळेतली पोरं चित्रकलेच्या परीक्षेच्या आधी घरी शिकायला यायची, त्यांना नको म्हणून सांगितलं. म्हणले, माझ्यापायी पोरांचं नुकसान नको. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, दारात कोण आलं तर आधी माझ्याकडं बघायचा, नाव सांगती का म्हणून. नाव त्यांना ठाऊक असायचं. फकस्त भरवसा नसायचा.

उमादेवीनं त्यांना सोलापूरला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. मी संगं होते. डॉक्टरनं वार विचारला, तारीख विचारली, शंभरातनं सात-सात वजा करायला लावले. मग कागद दिला, म्हणला, एक घड्याळ काढा, अकरा वाजून धा मिनिटं झालेलं. मास्तरांनी घड्याळ काढलं ते रोमन आकड्यांचं, खाली लंबक, बाजूला सावली, लाकडाच्या रेघासुद्धा. बाहेर रांग लागली होती. डॉक्टर म्हणला, काका, तुमच्या डोक्याला काय झालेलं न्हाय, आन् हा कागद मी ठेवून घेऊ का? उमादेवी हसली. मास्तर हसले न्हाईत. जिना उतरताना मला हळूच म्हणले, "मग तुकडे जातात कुठं?"

तिथंच सांगायला पायजे होतं. न्हाय सांगितलं. आता मला कोण काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या डोळ्यापुढं त्या गाई होत्या, ती पवनचक्की, आन् फळीशेजारी आडवा पडलेला माझा माणूस. मी मनाशी म्हणायचे, डोकं थोडं उणं झालं तर होऊ दे. काळीज थांबलं तर काय करू? कमी डोक्याचा नवरा निदान ओसरीवर बसलेला तरी असतो. असला आपमतलबी विचार म्या दोन वर्षं केला.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. मी मेथी निवडत होते आन् मास्तर फळीपुढं. ह्या खेपेचं चित्र बंदरावरच्या बाजाराचं होतं. जहाजं लागलेली, टोपल्यात मासे, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका भाव करतात. एक बाई तर माझ्यासारखीच कंबर कसून भांडत होती. मास्तरांनी ताटात उरलेले तुकडे मोजले, मग चित्रातली भोकं मोजली. नऊ तुकडे, धा भोकं.

ह्या खेपेला त्यांनी टेबलाखाली बघितलं न्हाय. केर चाळला न्हाय. चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. त्यानंच मला धसका बसला. मग अगदी सरळ आवाजात म्हणले, पुण्याच्या एका हौशी माणसाला पत्र लिहून ठेवलंय, सगळी खोकी तो घेऊन जाईल. आपल्याला आता हे झेपायचं न्हाय. मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले.

"महानंदा, एक सांगून ठेवतो," ते म्हणले. "आज तुकडे जातात, उद्या तुझं नाव जाईल. तवा मी तुला 'बाई, तुमी कोण' म्हणून विचारलं, तर रागावू नको. मी काय मनापासनं विचारत नसंल."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला, आन् तो सगळा माझ्यावरच. ह्या माणसाला वाचवायला निघाले होते मी, आन् हा इथं बसून स्वतःला इसरायची तयारी करतोय, वर माझीच समजूत घालतोय. उठले, देव्हाऱ्यातनं डबा आणला, त्यांच्या पुढ्यात रिकामं ताट ठेवलं आन् त्यात उपडा केला. इभूतीचा लोट उठला. राखेत माखलेले चौदा तुकडे ताटात खणखण पडले.

"हे काय?" मास्तर म्हणले.

"तुमचे तुकडे. चौदा हायेत. सगळे म्या नेले."

त्यांनी एक तुकडा उचलला, फुंकर मारून राख उडवली. मी वाट बघत होते, आता फळी फेकतील, ताट फेकतील.

"म्हणजे मी एकबी हरवला न्हाय?" त्यांनी विचारलं.

"एकबी न्हाय."

"खरं सांग."

"तुमच्या गळ्यातल्या लिंगाची आण."

मास्तरांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आन् रडायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात म्या त्यांना असं बघितलं नव्हतं. लेकीला सासरी धाडतानाबी भिंतीकडं तोंड करून रडला होता हा माणूस. आता हुंदके देऊन रडत होते, आन् मधीमधी म्हणत होते, माझं डोकं धड हाय, माझं डोकं धड हाय. मीबी तिथंच जमिनीवर बसून रडले. का नेले, कशापायी नेले, ते सगळं सांगितलं.

रडणं ओसरलं, तोंड धुऊन आले, आन् मग भडका उडाला. स्वतःपायी न्हाय, त्या दुकानदारापायी. "त्या शरणबसप्पाला म्या भर दुकानात चोर म्हणलं! लिंगाला हात लावला होता त्या माणसानं!" असे कडाडले की बाहेर वासरू बिथरलं. म्या मान वर केली न्हाय. महानंदा ऐकून घेतीय, उलटून बोलत न्हाय, हे गावात कुणाला सांगितलं तर पटायचं न्हाय.

तिथंच बसून त्यांनी शरणबसप्पाला फोन लावला. तीन वर्षांनी. आवाज मोठा करून फोन ताटाशेजारी ठेवला आन् जे झालं ते सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन. मग शरणबसप्पा म्हणला, ते खोकं अजून माझ्याकडंच हाय मास्तर, अपुरं चित्र कुणाला देऊ? मग मला हाक मारली, म्हणला, "अक्का, तुमच्याकडं दिष्ट काढायला मीठ-मोहरी मिळंना का?" मला हसावं का रडावं कळंना. म्या म्हणलं, अण्णा, पाया पडते तुमच्या, चुकले.

मग त्यानंच विचारलं, पण ह्या चौदातला माझा कुठला, ते कसं कळायचं? सगळी खोकी बंद, चित्रं मोडून आत भरलेली. एकेक पुन्हा लावून बघायचं म्हणजे दोन-तीन वर्षं गेली.

मास्तर ताटाकडं बघत होते. त्यांनी चष्मा घातला. एक तुकडा उचलला, उजेडाला धरला. "हा होडीच्या शिडाचा, वरचं टोक. दुसरं चित्र," म्हणले, आन् बाजूला ठेवला. दुसरा उचलला. म्हणले, बाईच्या मांडीवर मांजर होतं, त्याचा डावा कान. तिसरा पांढराशुभ्र, त्यात काय दिसायचं? मास्तर म्हणले, बर्फ हाय, पण उन्हातलं न्हाय, गाडीच्या चाकाखालच्या सावलीतलं.

मी मनात एकेक ताडून बघत होते. कारण मला ठाऊक होतं. प्रत्येक तुकडा कुठल्या चित्रात कुठं बसायचा ते मला पाठ होतं. चोराला चोरी पाठच असती. आन् मास्तर एकदाबी चुकले न्हाईत. चार वर्षं ज्या जागा रिकाम्या दिसल्या, त्या सगळ्या ह्या माणसाच्या डोळ्यात बसल्या होत्या. वाइनच्या सुरईची मान, टेकडीवरची कोकरं, म्हाताऱ्याच्या दाढीतला उजेड. सांगत होते तसा आवाज चढत होता. शाळेत असताना असाच चढायचा. घराबाहेर ऐकू यायचा.

एका तांबड्या तुकड्यापाशी थांबले. उलटा केला, सुलटा केला. बोटात फिरवत राहिले. वाटलं, हा न्हाय आठवला तर सगळं पाण्यात. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा ते माझ्या तोंडाकडं बघणं. मला सांगता येत होतं, पण म्या दात दाबून धरले.

मास्तरांनी डोळे मिटले. "शरणबसप्पा, हा तुझा," ते म्हणले. "तांबड्या पडद्याची घडी. खिडकीच्या डाव्या अंगाला, खालनं चार बोटं वर."

पलीकडनं खोकं उघडल्याचा आवाज आला, तुकडे चाळवल्याचा आवाज आला. मग शरणबसप्पा म्हणला, "अय्यो मास्तर." पडदा तांबडाच हाय म्हणला.

फोन ठेवला. ताटात एकच तुकडा उरला, आजच्या बाजारातला. त्या भांडकुदळ बाईच्या कंबरेवरचा हात. मास्तरांनी नऊ तुकडे भराभर बसवले आन् धावा माझ्यापुढं धरला. म्हणले, लाव.

म्या हात मागं घेतला. म्हणलं, पाया पडते, एवढा एक राहू द्या. तुमचं डोकं धड हाय, कळलं न्हवं? मग आता राहू द्या.

"त्या दिवशी तू कुठं निघाली होतीस?" मास्तरांनी विचारलं.

"बैठकीला."

"मग थांबलीस का?"

"तुमी हाक मारली म्हणून."

"चित्र पुरं झालं नसतं तर हाक कशाला मारली असती? तू गेली असतीस. संध्याकाळी येऊन बघितलं असतंस, फळीशेजारी कोण पडलंय."

चार वर्षं मी त्याच एका दुपारी फिरत होते, आन् हे कधी ध्यानातच आलं न्हाय. अर्धा तास उशीर झाला असता तर, हे डॉक्टरचं बोलणं म्या शंभर जणांना सांगितलं होतं. उशीर का झाला न्हाय, ते कधी स्वतःला विचारलं न्हाय. आता पटलं का, म्हणाल तर अर्धं पटलं. भ्या असं एका दिवसात जात न्हाय. पण त्यांचा हात माझ्यापुढं तसाच होता.

म्या तुकडा घेतला आन् लावला. बसताना बारीक टक आवाज झाला, बस्स.

चित्र कसं दिसलं ते मला विचारू नका. मी मास्तरांच्या तोंडाकडं बघत होते. मनगट धरून बसले, ते नको नको म्हणत असताना. ते मला जहाजं दाखवत होते, मासळीवरचा चमकारा दाखवत होते, आन् मी घड्याळाकडं बघत होते. अर्धा तास गेला. तास गेला. मास्तर म्हणले, आता सोड की, हाताला मुंग्या आल्या. मग म्या मनगट सोडलं आन् राहिलेली मेथी निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोलापूरला निघाले. शरणबसप्पाची माफी तोंडावर मागायची आन् तुकडा हाती द्यायचा, म्हणले. मी येते म्हणलं, तर नको म्हणले. जायचं एकट्यानं, आन् तेबी गाडीवर. दोन वर्षं उभी असलेली गाडी शेजारच्या पोरांनी ढकलून दिली तवा सुरू झाली. तांबडा तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"नीट ठेवा, न्हायतर हरवाल," म्या म्हणलं. सवयीनं तोंडातनं गेलं. गेल्यावर जीभ चावली.

मास्तरांनी खिशावर हात ठेवला आन् माझ्याकडं बघून हसले. "मी हरवत न्हाय," म्हणले. मग गाडी गल्लीतनं बाहेर काढली आन् हमरस्त्याला लागले.